दादाचं सरकार

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी पुन्हा तीच चूक केली. सकाळी नऊला चहाचा कप घेऊन बसलो, खाकऱ्याच्या डब्याला फोन टेकवून उभा केला आणि लेस्टरला व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ रिंग वाजल्यावर पडद्यावर वहिनी आल्या. गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटली होती.

"भावजी," त्या म्हणाल्या, "इथे अजून दोनच वाजलेत."

चूक अशी, की इंग्लंडची घड्याळं त्या रविवारी पहाटे एक तास मागे जातात आणि आमची शिकागोकडची त्यानंतर आठवड्याने. एरवी आमचे सकाळचे नऊ म्हणजे त्यांचे दुपारचे तीन. त्या एका रविवारी मात्र तिथे दोनच वाजलेले असतात, आणि जेवणानंतरची झोप ऐन रंगात आलेली असते. यातली गंमत अशी, की माझं पोट याच विषयावर चालतं. शॉमबर्गमधल्या एका कंपनीत मी मीटिंगांच्या वेळा लावणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. कुठल्या देशाची घड्याळं कधी सरकतात ते मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. फक्त रविवारी सकाळी विचारू नका.

या चुकीवर दादाचं दरवर्षी एक ठरलेलं भाषण असे. विस्कटलेल्या केसांनी, हाताने चष्मा चाचपत तो पडद्यावर येई आणि म्हणे, अर्धं आयुष्य कॉम्प्युटरपुढे काढलंस तरी तुला घड्याळ कळत नाही, आणि इंग्लंडला अक्कल शिकवायला मात्र तू पुढे. मग झोपमोड झालीच आहे तर होऊन जाऊ दे, म्हणून त्या रविवारी तासभर जास्तीचा वाद.

या वर्षी वहिनींनी वेळ सांगितली. त्या तिकडे, मी इकडे. जरा वेळाने माझ्या ध्यानात आलं, की आम्ही दोघंही त्या भाषणाची वाट बघत होतो.

वहिनींच्या मागे दादाची खुर्ची होती. पाठीवर त्याचा राखाडी स्वेटर होता, बाह्या खाली लोंबत होत्या. "बोला," वहिनी म्हणाल्या. काय बोलणार? इतक्या वर्षांच्या रविवारांत वहिनी म्हणजे पडद्याच्या उजव्या बाजूने येणारा, दोन पाटल्या घातलेला एक हात. तो हात दादापुढे चहा ठेवी आणि निघून जाई. त्या हाताला चेहरा आहे हे मला अर्थातच माहीत होतं. पण त्या चेहऱ्याशी काय बोलायचं याची मी कधी तयारीच केली नव्हती. मी म्हणालो, थंडी काय म्हणतेय. त्या म्हणाल्या, आहे. मी म्हणालो, इथेही आहे. शेवटी त्यांनीच माझी सुटका केली. तुमचे दहा वाजले की करा, मी जरा तोंड धुते, म्हणाल्या.

असा एक तास माझ्या हातात उरला. कोणी मागितला नव्हता, कोणाला देता येत नव्हता.

बाहेर शेजाऱ्याचं पानं उडवायचं यंत्र सुरू झालं होतं. हा इथला फॉल, म्हणजे पानगळ, दिसायला अप्सरा आणि आवाजाने पिठाची गिरणी. आमच्या दारातला मेपल अर्धा लाल झालाय, अर्धा हिरवाच आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत दादा आणि वहिनी दिवाळीला आमच्याकडे आले होते, तेव्हा दादाने त्या झाडाकडे बघून निकाल दिला होता: "हा अजून कुंपणावर बसलाय रे. याच्या दारावर परत एकदा जायला हवं."

दारावर जाणं हे दादाचं म्हातारपणीचं वेड. सगळा जन्म त्याने लेस्टरच्या सरकारी इस्पितळात औषधांच्या विभागात काढला. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, गुडघे दुखवून घेतात. दादाने राजकारण धरलं. त्याचा पक्ष तेव्हा विरोधात होता. खांद्याला पत्रकांची पिशवी लावून, पावसात, कुत्र्यांच्या भुंकण्यात हा माणूस घरोघरी बेल वाजवत फिरायचा. मला ते खरंच वाटायचं नाही. मिरजेत असताना दुकानातून आणलेली वही फाटकी निघाली, तर ती बदलून आणायला हा मला पाठवायचा. मी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. मला दुकानाच्या फळीवरचं दिसायचंसुद्धा नाही, आणि हा रस्त्यापलीकडे पाठ करून उभा. तो माणूस गोऱ्या लोकांच्या दारात उभं राहून सांगत होता, नमस्कार, दोन मिनिटं बोलू का.

निवडणुकीत त्याचा पक्ष जिंकला. त्या रविवारी दादा टाय लावून कॉलवर बसला होता. मी विचारलं, तुला कुठलं खातं मिळालं? तेव्हापासून त्याच्या बोलण्यात 'ते' गेलं आणि 'आम्ही' आलं. आम्ही भाडेकरूंसाठी कायदा करतोय. आम्ही रेल्वे परत घेतोय. आम्हाला तिजोरीच रिकामी मिळाली, काय करणार. थंडीत घर गरम ठेवायला म्हाताऱ्यांना मिळणारा भत्ता सरकारने बहुतेकांचा बंद केला, तेव्हा दादाने मला सलग कित्येक रविवार पटवून दिलं, की ज्यांना परवडतं त्यांनी तो घेणंच मुळात चूक. त्यावरून तिथे एवढा गदारोळ झाला, की पुढे सरकारने माघार घेतली आणि भत्ता बहुतेकांना परत मिळाला. तेव्हा दादाने तितक्याच तळमळीने सांगितलं, की चूक सुधारणारं सरकार किती दुर्मीळ असतं. दोन्ही वेळा त्याच्या अंगात तोच राखाडी स्वेटर होता. घरातलं हीटिंग त्याने दोन्ही हिवाळ्यांत बेताचंच ठेवलं होतं.

आणि मी विरोधी पक्ष. कॉलच्या आधी दहा मिनिटं तिकडचे मथळे चाळायचे, दादाला जे टोचतील ते निवडून जिभेवर तयार ठेवायचे. त्याने दुसरा पक्ष धरला असता, तर मी याच सरकारची आरती ओवाळली असती. मला ब्रिटनच्या सरकारशी काय करायचंय? मी राहतो इथे. इथल्या सरकारबद्दल मात्र मी चारचौघांत तोंड उघडत नाही. आमच्या मराठी मंडळात त्यावरून दोन घरांचं एकमेकांकडचं हळदीकुंकू बंद झालंय. लांबच्या सरकारवरून भांडलं की कसं, कोणाचं काही बिघडत नाही. खेळण्यातल्या बंदुकीसारखं. आवाज होतो, लागत नाही. असं मी समजत होतो.

गेल्या वर्षीचा तो ऋतू आता डोळ्यांपुढे आणतो, तर मला दादा सगळीकडे थांबलेलाच दिसतो. सकाळी आम्ही फिरायला निघायचो. कॉलनीत हॅलोविनची सजावट लागली होती. कोणाच्या अंगणात प्लास्टिकचे हाडांचे सापळे खुर्च्या टाकून बसलेले, कोणाच्या छपरावर मोठा कोळी. दादा प्रत्येक घरापुढे उभा राहायचा. अरे थांब, हे बघ. हा सापळा बघ कसा पेपर वाचतोय. भोपळे किती आणलेत यांनी, भाजी करतात की नुसते कोरून टाकतात? पुढच्या घरापाशी पुन्हा तेच. मला वाटायचं, एवढी वर्षं परक्यांच्या दारांवर जाऊन या माणसाला घरं वाचायची सवय लागली आहे. मी हात खिशात घालून चुळबुळत उभा राहायचो. ऑफिसची पहिली मीटिंग डोक्यात असायची. तो एका हाताने कुणाच्या तरी पत्रपेटीच्या खांबाला धरून त्या सापळ्यांकडे कौतुकाने बघत असायचा. त्याच्या श्वासाची वाफ हवेत दिसायची, छोटी छोटी, घाईघाईची. मला ती थंडीची वाटायची.

आमच्या मंडळाचा ज्येष्ठांचा कट्टा शनिवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये भरतो. मी अजून ज्येष्ठ झालो नाही, पण खुर्च्या मांडायला उपयोगी पडतो म्हणून मला कार्यक्रमप्रमुख करून ठेवलंय. त्या शनिवारी 'दिवाळीचा फराळ आणि रक्तातली साखर' या विषयावरच्या वक्त्यांनी आयत्या वेळी कॅन्सल केलं. मला वाटलं, घरात एवढा मोठा वक्ता फुकट पडलाय. दादाच्या समोर मी उभं केलं वानखडे काकांना. वानखडे काका मूळचे नागपूरचे, भूल देणारे डॉक्टर. तरुणपणी काही वर्षं इंग्लंडच्या इस्पितळांत होते, मग अमेरिकेत आले, आता रिटायर होऊन कट्ट्यावर सगळ्यांनाच भूल देतात असं मी म्हणतो, त्यांच्या माघारी. विषय लावला: ब्रिटनचं सरकार, पास की नापास?

हॉल भरला. चकल्या होत्या, चिवडा होता, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं गुरगुरत होतं. अमेरिकेत राहणारी मराठी माणसं इंग्लंडच्या कारभारावर इतकी तावातावाने बोलताना मी पहिल्यांदाच बघत होतो. कुणाचा भाचा तिथे, कुणाची नणंद. एक काकू म्हणाल्या, राज्य गेलं तरी यांचा तोरा जात नाही. दुसऱ्या म्हणाल्या, अहो, राज्य आपल्यावर होतं, आता त्यांचं त्यांच्यावर आहे, तेच जमत नाहीये. हशा पिकत होता. मी मधल्या खुर्चीत अध्यक्ष होऊन बसलो होतो आणि मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

वानखडे काकांनी इस्पितळांचा विषय काढला. "सांगा ना जी," ते दादाला म्हणाले, "तुमच्या त्या फुकटच्या दवाखान्यात माणूस रांगेत लागते. अन् एक तर रांगेतच बरा होते, नाही तर रांगेतच जाते. सरकार बदललं, रांग बदलली का?"

दादा शांतपणे म्हणाला, रांग लांब आहे हे खरंय. ती एका वर्षात लांबली नाही आणि एका वर्षात संपणार नाही. पण ती पुढे सरकतेय. आणि तिचं एक आहे, की तिथे कारखान्याचा मालक आणि त्याच्या कारखान्यातला झाडूवाला एकाच रांगेत उभे राहतात. वानखडे काका म्हणाले, मालक केव्हाच पैसे भरून दुसऱ्या दाराने आत गेला, बाप्पा, तुम्हाला दिसला नाही. पुन्हा हशा. दादाही हसला.

आता अध्यक्षाने काहीतरी चमचमीत विचारायला हवं, असं मला वाटलं. मी म्हणालो, "दादा, तुझ्यावर स्वतःवर रांगेत उभं राहायची वेळ आली, तरी हेच म्हणशील?"

"हेच म्हणेन," दादा म्हणाला.

तिसऱ्या ओळीत वहिनी बसल्या होत्या. हातातली चकली त्यांनी बशीत ठेवली, बशी शेजारच्या काकूंच्या हातात दिली आणि उभ्या राहिल्या.

"ते उभेच आहेत, भावजी. उन्हाळ्यापासून. हृदयाची झडप नीट उघडत नाही त्यांची. ऑपरेशनचा नंबर लागायचाय. तुम्हाला सांगायचं नाही असं मला बजावलंय. पण तुम्ही विचारलंत, म्हणून."

चहाचं भांडं तेवढं गुरगुरत राहिलं. दादा म्हणाला, अगं, बस खाली. मग सगळ्यांकडे बघून, जरासं ओशाळं हसून म्हणाला, यामुळे माझा मुद्दा बदलत नाही. पण तोवर वानखडे काका वादातून उठले होते. त्यांनी आपली खुर्ची ओढत दादाच्या खुर्चीला लावली आणि त्याचं मनगट हातात घेतलं. जिना चढताना किती वेळा थांबता? छातीत भरून येतं? मघाचा त्यांचा तो फड गाजवणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता. दादाला तपासता तपासता ते वहिनींना म्हणाले, तुम्ही तरी यांना समजवायचं ना, बाई.

"डॉक्टर, आमच्या घरात दोन मतं आहेत," वहिनी म्हणाल्या. "मतपेटीतसुद्धा दोन वेगवेगळीच पडली."

दादा गर्रकन वळला. "म्हणजे?"

त्या सबंध दुपारी दादाला खरा धक्का बसला तो एवढाच. लोक हसले, कारण हसल्याशिवाय कोणालाच राहवलं नसतं. मला मात्र त्याच क्षणी ते पत्रपेट्यांचे खांब दिसायला लागले. पेपर वाचणारा सापळा. अरे थांब, हे बघ.

दुसऱ्या दिवशी मी अंगणातली पानं ओढत होतो आणि दादा गॅरेजच्या दारात घडीची खुर्ची टाकून बसला होता. वहिनींनी त्याला माझा जाड कोट घालायला लावला होता. त्यात तो लहान दिसत होता. मी सकाळपासून तेच तेच सांगत होतो. पैसे भरून तिकडेच लगेच करून घे. नाही तर पुण्याला जा, आठवड्यात होईल, मी येतो बरोबर. तो ऐकत होता आणि मध्येच दंताळ्याला न सापडलेली पानं मला बोट करून दाखवत होता.

"पैशाचं नाही रे," तो शेवटी म्हणाला. "आमच्या मागच्या गल्लीत एक बाई आहे. तिच्या नवऱ्याचा गुडघा गेलाय. जिना चढता येत नाही म्हणून तो खाली सोफ्यावर झोपतो. मी मतं मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, याचा नंबर कधी लागणार? मी तिच्या दारात उभं राहून सांगितलं, थोडं थांबा, आमचं येऊ द्या, लागेल. आता मी दुसऱ्या दाराने आत जाऊन बसू? ती मला दुकानात भेटते."

मी म्हणालो, त्या बाईला काय कळणारे? आणि तुझा पक्ष तुला ओळखतो तरी का?

"पक्ष नाही ओळखत," तो म्हणाला. "ती ओळखते."

मी दंताळं आपटलं, की नुसतं टेकवलं, आठवत नाही. म्हणालो, हा निव्वळ हट्ट आहे. तो म्हणाला, असेल. मग त्याच्या चेहऱ्यावर आमच्या रविवारचं हसू आलं. "आणि समज, लागला माझा नंबर वेळेवर. मग तू काय तोंड दाखवशील?"

ओल्या पानांना इथे एक वास असतो, भिजवलेल्या चहापत्तीसारखा. त्या दिवसापासून तो वास आला की मी दंताळं खाली ठेवतो. पानांच्या कागदी पोत्यांच्या रांगेपलीकडे, कॉलनीच्या शांत उन्हात, बारा वर्षांनी मोठा माझा भाऊ मोठ्या कोटात बसला होता. फाटकी वही बदलून आणायची होती, आणि या वेळी तो मला पाठवत नव्हता.

ते परत गेले. रविवार सुरू राहिले. मी मथळे चाळणं सोडलं होतं. दादाच्या ते लगेच लक्षात आलं आणि तो चिडला. आजाऱ्याशी बोलल्यासारखं बोलू नकोस, म्हणाला. म्हणून पुन्हा वाद सुरू केला, पण माझ्या हातातली बंदूक आता खेळण्यातली राहिली नव्हती आणि मला ती धरता येत नव्हती. मग बर्फाच्या दिवसांतल्या एका रविवारी तो टाय लावून बसलेला दिसला. नंबर लागला होता. मार्चमधली तारीख मिळाली होती. "बोल आता," दादा म्हणाला. "बोल ना. तोंड का बंद झालं?" आयुष्यात मी अनेक वाद हरलो आहे, बहुतेक घरातच. पण हरल्याबद्दल पेढे आणून ऑफिसात वाटले ते फक्त त्या वेळी. कोणी विचारलं तर सांगत होतो, ब्रिटनचं सरकार पास झालं.

इंग्लंडचा फोन आमच्याकडे बुधवारी येत नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये असताना पडद्यावर लेस्टरचं नाव दिसलं तेव्हाच मला कळलं. तारीख अजून पुढे होती. तो सकाळी दारातलं दूध उचलायला वाकला, तिथेच बसला, आणि वहिनी येईपर्यंत गेला होता.

तिथे अंत्यसंस्कारालाही लगेच वेळ मिळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. दोन आठवडे थांबावं लागलं. दादा पुन्हा रांगेत. मी गेलो. स्मशानातून परत आल्यावर चहा होता, काकडीची सँडविचेस होती. त्याच्याबरोबर दारोदार फिरणारा एक म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं इस्पितळांची वाट लावली, हा त्याचा बळी. पाच मिनिटांनी दादाचा शेजारी मला दुसऱ्या बाजूला घेऊन म्हणाला, या नव्या सरकारने आल्या आल्या हातपाय हलवले असते तर हा आज इथे असता. दोघंही हळू आवाजात, सभ्यपणे, बशी सावरत बोलत होते. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी दोघांनाही मान डोलावली. माझा भाऊ त्यांच्या वादातला एक मुद्दा झाला होता. दोन्ही बाजूंना उपयोगी पडणारा.

मग एक बाई आली. तिच्या मागोमाग तिचा नवरा आला, उंच, लाजरा माणूस. तिने वहिनींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तिचा नवरा चहा आणायला टेबलापर्यंत गेला. सरळ चालत गेला. काठी नव्हती. त्याचा नंबर लागला होता.

मी त्या माणसाच्या गुडघ्याकडे बघत राहिलो. त्याला वाटलं असेल, काय विचित्र पाहुणा आहे.

इथे परत आल्यावर वानखडे काका मला टाळत होते, किंवा मी त्यांना. मग गेल्या महिन्यात ग्रोसरीच्या दुकानात, मेथीच्या ढिगापाशी आमची गाठ पडली. शुभदा, माझी बायको, बरोबर होती. काकांनी माझा खांदा धरला. म्हणाले, "तुमच्या भावाले त्या सरकारनं मारलं, पहा." त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की मला फार वाईट वाटतं.

आणि मी बोलायला लागलो. रांग एका वर्षात लांबली नव्हती. ती एका वर्षात संपणारही नव्हती. ती पुढे सरकतेय. मी स्वतः बघितलंय, एक माणूस काठीशिवाय चालत होता. थांबलेल्यांमधले काही जण मध्येच जातात, त्याला रांगेकडे इलाज नाही. मी दादाचा शब्दन् शब्द बोलत होतो. माझा उजवा हातही दादासारखा हवेत आडवा फिरत होता, आणि त्या हातात मेथीची जुडी होती. आजूबाजूची दोन माणसं भाजी निवडायची थांबली. यातलं मला काय पटतं नि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण दादाची बाजू रिकामी पडली होती, आणि ती तशी बघवत नव्हती.

वानखडे काकांना माझ्याइतका वाद येत नाही असं नाही. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातली जुडी काढून माझ्याच ढकलगाडीत ठेवली आणि म्हणाले, "हो बाप्पा. पास."

दहा वाजले. या वेळी बरोबर वाजले. मी पुन्हा कॉल लावला. वहिनींनी तोंड धुतलं होतं, केस नीट केले होते, स्वतःसाठी चहा केला होता. शुभदा माझ्या मागे ओट्यापाशी भाजी चिरत होती. थंडीचं बोलून झालं होतं, म्हणून मी खुर्चीकडे बघत होतो. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या पिशवीत पत्रकं उरली होती, भावजी. दारामागेच लटकत होती. परवा मी ती वाटून आले."

मी विचारलं, तुम्ही? त्या पक्षाची?

"मत मी देणार नाही त्या पक्षाला. ते मी त्यांच्या फोटोलाही सांगितलंय. पण काम अर्धं टाकायचं माणसाने, हे बरं दिसत नाही. मागच्या गल्लीत मात्र मी पत्रक टाकून निघाले नाही. त्या बाईला म्हटलं, हे त्यांचं आहे, माझं नाही. माझं काय म्हणणं आहे ते ऐकायचं असेल तर चहा ठेव. ठेवला तिने."

मग त्या थांबल्या. त्यांचं काय म्हणणं आहे ते मी विचारीन असं त्यांना वाटलं असावं. मला सुचलं नाही. त्या खुर्चीवरच्या स्वेटरची एक बाही हीटरच्या वाऱ्याने किंचित हलत होती आणि मला तेवढंच दिसत होतं. वहिनींनी घर चांगलं गरम ठेवलं होतं. मग त्याच म्हणाल्या, ठेवते आता.

पडदा काळा झाला. त्यात माझाच चेहरा दिसायला लागला, म्हणून मी फोन पालथा घातला. बाहेर यंत्र थांबलं होतं. शुभदाने सुरी बाजूला ठेवली, ओले हात पुसले आणि समोर येऊन बसली.

"पुढच्या रविवारी घड्याळं जुळतील," ती म्हणाली. "तू दादांची बाजू घे. विरोधी पक्ष तिकडे बसलाच आहे. इतकी वर्षं तुम्ही दोघांनी वहिनींना बोलू कुठे दिलंत?"